साधं की पॉवर? सोलापूरच्या उन्हात मोटारसायकलसाठी पेट्रोल आणि अॅडिटिव्ह कसं निवडायचं

पंपावर गाडी लावून टाकीचं झाकण उघडलं की नळी धरलेला पोरगा विचारतो, "साधं का पॉवर?" सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत हाच प्रश्न. कंपनी कुठलीही असो, महागातल्या प्रत्येक पेट्रोलचं बोलण्यातलं नाव 'पॉवर'च पडलंय. निम्मा घोळ या नावानं केलाय. पेट्रोल महाग, म्हणजे त्यात जोर जास्त आणि तो जोर इंजिनात उतरणार, असा समज होतो. प्रत्यक्षात ९५ ऑक्टेनच्या एका लिटरमध्ये ९१ च्या लिटरपेक्षा जास्त ऊर्जा असतेच असं नाही. ऑक्टेनचा आकडा सांगतो तो पेट्रोल किती दाब आणि उष्णता सोसतं एवढंच.

आकडा नेमका कशाचा

पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. प्लगची ठिणगी पडली की ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. ती पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटलं, तर धक्का बसतो. हेच नॉकिंग. ऑक्टेन जेवढा जास्त, तेवढं पेट्रोल असं आपोआप पेटायला जड.

मोजपट्टी अशी: आयसो-ऑक्टेनला १००, नॉर्मल हेप्टेनला ०. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं. चाचण्या दोन. आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) ६०० आरपीएमवर, आत येणारी हवा ५२ अंशांवर ठेवून घेतात. एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) ९०० आरपीएमवर, मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवून घेतात. ही दुसरी परीक्षा कडक, म्हणून तिचा आकडा खाली येतो. बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ आरओएन आणि ८१ एमओएन लागतो. आपल्याकडे बोलतात तो आरओएन.

अमेरिकन व्हिडिओ पाहून पेट्रोल ठरवणारे इथंच फसतात. तिकडच्या पंपावर आरओएन आणि एमओएनची सरासरी लिहिलेली असते. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१, आणि त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. 'स्पोर्ट्स बाइकला किमान ९१ टाका' असं तिकडचा माणूस म्हणतो तेव्हा तो आपल्या साध्या पेट्रोलबद्दल बोलत नसतो.

पहिलं काम: गाडी काय मागते ते बघा

मॅन्युअल काढा आणि इंधनाचं पान उघडा. काही गाड्यांवर टाकीच्या झाकणाजवळ स्टिकरही असतो. तिथं ९१ लिहिलं असेल तर विषय जवळजवळ मिटला. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते.

तेही नसेल तर कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, बघा. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० आणि इंटरसेप्टर ६५० चा ९.५:१, त्याआधीच्या जुन्या (यूसीई) इंजिनच्या क्लासिकचा ८.५:१. या आकड्याला ९१ भरपूर झालं. १०० ते १२५ सीसीच्या रोजच्या गाड्या ९ ते १० च्या आसपास असतात, त्यांनाही साधंच. यामाहा आर१५ व्ही४ चा ११.६:१, हिमालयन ४५० चा ११.५:१, डॉमिनार ४०० चा १२:१. आकडे मोठे दिसतात, पण लिक्विड कूलिंग, चार व्हॉल्व्हचं हेड आणि फ्युएल इंजेक्शनमुळे ही इंजिनं कोपऱ्यातली उष्णता नीट सांभाळतात. म्हणून नुसता रेशो पाहून ९५ ठरवू नका, मॅन्युअलचं ऐका. ९५ लिहिलं असेल तरच ९५ टाका. बाहेरून आलेल्या मोठ्या सुपरबाइकवर बहुधा तसं लिहिलेलं असतं.

बहुतेक कम्यूटर गाड्यांत नॉक सेन्सर नसतो. पेट्रोल चांगलं आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या छोट्या कॉम्प्युटरला, कळायचा मार्गच नाही, त्यामुळे तो ठिणगीची वेळ (टायमिंग) आधी आणून फायदाही घेऊ शकत नाही. ९१ वर न वाजणाऱ्या इंजिनात ९७ ओतलं तर ते ९१ सारखंच चालतं. फरक पडतो तो खिशाला.

बोर्डावर नाव वाचताना आकडा शोधा. एक्सपी९५, स्पीड ९७, एक्सपी१०० यांत ऑक्टेन नावातच आहे. नुसत्या जोरदार नावाच्या पेट्रोलात ऑक्टेन साध्याइतकाच आणि डिटर्जंट तेवढा जास्त, असा प्रकार आपल्याकडं बरीच वर्षं चालत आलाय. ते वाईट नाही, पण ते ऑक्टेनसाठी घ्यायचं नसतं.

दुसरं काम: आवाज ओळखा

इथं घाई करू नका. गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच टॅपेटच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाच्या) किंवा टायमिंग चेनच्या निघतात.

टॅपेटचा आवाज यंत्रमागासारखा, एका लयीत, गाडी नुसती उभी असतानाही ऐकू येतो. रेस वाढवली की लय वाढते, एवढंच. सैल टायमिंग चेन थ्रॉटल सोडताना खरखरते. नॉकिंग मात्र ओझं पडल्यावरच येतं. पत्र्यावर मूठभर ज्वारी ओतावी तसा कोरडा, तुटक, किणकिण आवाज येतो. थ्रॉटल जरा सोडला किंवा गिअर खाली टाकला की तो तिथंच थांबतो. हीच खूण सगळ्यात भरवशाची.

चाचणी अशी घ्या. इंजिन १५-२० मिनिटं चालवून पूर्ण तापवा, मागं एक माणूस बसवा आणि चढ निवडा. तुळजापूरचा घाट उत्तम. तेवढं लांब जायचं नसेल तर गर्दी नसताना शहरातला एखादा रेल्वे पूल चालेल. चार गिअरची १०० सीसी गाडी टॉपमध्ये ३५ च्या वेगावर आणा, मागून वाहन नाही ना ते बघा, थ्रॉटल पाऊण उघडा आणि हेल्मेटची काच वर करून तीन-चार सेकंद ऐका. त्याहून जास्त ताणू नका. आवाज आला तर गिअर खाली टाकून पुन्हा बघा. खालच्या गिअरमध्ये आवाज नसेल तर दोष बहुतेक तुमच्या सवयीचा. टॉप गिअरमध्ये २५ च्या वेगानं चढ चढवणारे पुष्कळ आहेत. ऑक्टेन वाढवण्यापेक्षा गिअर पाडणं फुकट आहे.

हीच चाचणी सकाळी सातला आणि दुपारी तीनला घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो. आत जाणारी हवाच तापलेली, त्यात एअर-कूल्ड इंजिनाला सिग्नलवर वारा नाही. सकाळी गप्प असलेली गाडी दुपारी वाजत असेल तर ती काठावर आहे. तिच्या बाबतीत पुढची तपासणी मनापासून करा.

नॉकिंगचा पुरावा प्लगवरही सापडतो. प्लग काढा, उजेडात धरा आणि भिंगातून पांढऱ्या चिनी मातीच्या नाकाकडे बघा. मिरपूड शिंपडल्यासारखे काळे किंवा चकचकीत बारीक ठिपके दिसले तर आत धक्के बसतायत. चकचकीत ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. असं दिसल्यावर गाडी चालवत राहू नका. नाक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, किंवा प्लग जास्त गरम रेंजचा. काजळीनं काळं असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

तिसरं काम: पेट्रोल बदलण्याआधी इंजिन तपासा

९१ साठी बनलेलं इंजिन ९१ वर वाजायला लागलं, तर त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं. ९५ टाकून आवाज दाबता येतो, बिघाड तिथंच राहतो.

हवेची गळती आधी. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधलं रबर, म्हणजे मॅनिफोल्ड, आपल्या उन्हात चिरतं. इंजिन आयडलवर ठेवा आणि त्या रबरावर थोडं पाणी फवारा. आयडल बदललं तर फट आहे. फटीतून जादा हवा जाते, मिश्रण लीन होतं, इंजिन तापतं आणि वाजतं. रबर काही महाग नसतं.

मग प्लग. नंबर मॅन्युअलप्रमाणेच आहे का बघा. मागच्या वेळी 'चालतोय की' म्हणत दुसऱ्याच गाडीचा बसवलेला असण्याची शक्यता चांगलीच असते. गॅप फीलर गेजनं मोजा, बहुतेक गाड्यांना ०.७ ते ०.९ मिमीच्या दरम्यान असतो.

एअर-कूल्ड इंजिनाच्या पात्या चिखल-तेलानं बुजल्या असतील तर मऊ ब्रशनं साफ करा. इंजिन ऑइलची पातळी बघा. कमी ऑइलवर चालणारं इंजिन तापतंच.

राहिला कार्बन. ५०-६० हजार किलोमीटर झालेल्या, त्यातही ऑइल पिणाऱ्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर बसतो. थरामुळे ज्वलनकक्षाची जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, आणि कार्बनचे तापलेले कोपरे ठिणगीआधीच मिश्रण पेटवतात. जुन्या गाडीला वरचं ऑक्टेन टाकल्यावर 'फरक पडला' म्हणतात तो इथं खरा असतो. कायमचा इलाज म्हणजे हेड उघडून साफ करणं. डिटर्जंटच्या बाटलीनं किती होतं ते पुढं येईल.

चौथं काम: वरचं ऑक्टेन टाकून बघायचंच असेल तर

सगळं ठीक करूनही दुपारच्या घाटात गाडी वाजतेय, किंवा मॅन्युअलमध्येच ९५ आहे, तेव्हा वरचं ऑक्टेन घ्या. टाकी पूर्ण रिकामी करायची गरज नाही, मिसळलेलं ऑक्टेन ढोबळमानानं सरासरीनं काढता येतं. टाकीत ९१ चं ६ लिटर आहे आणि वरून १०० चं ४ लिटर टाकलं, तर (६ × ९१ + ४ × १००) ÷ १० = ९४.६. म्हणून एखादा लिटर महाग पेट्रोल 'गाडीला टॉनिक' म्हणून टाकण्यात काही अर्थ नाही. १० लिटरात १ लिटर १०० टाकलं तर ९१.९ होतं.

मायलेज मोजायचं तर नीट मोजा. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा, नळी आपोआप बंद झाली की थांबा, वरून ठासून भरू नका. ट्रिप मीटर शून्य करा. टायरची हवा तीच ठेवा. तोच रस्ता, तोच पंप, तेच ओझं. निदान तीन टाक्या एका पेट्रोलवर आणि तीन दुसऱ्यावर. एका टाकीवर निघालेला 'पाचचा फरक' हा वारा, गर्दी आणि नळी कुठं थांबली याचा असतो.

मग हिशोब. समजा साधं १०५ रुपये, वरचं ११३ रुपये आणि गाडी साध्यावर ५० देते. किलोमीटरला २ रुपये १० पैसे पडतात. ११३ रुपयांचं पेट्रोल परवडायला गाडीनं ५३.८ द्यायला हवं. ९१ वर न वाजणारी गाडी एवढी उडी मारत नाही.

इथेनॉल: सोलापूरकरांच्या घरचाच विषय

जिल्ह्यात उसाचे कारखाने आणि डिस्टिलऱ्या एवढ्या आहेत की पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलचा (उसापासूनही बनणाऱ्या अल्कोहोलचा) थोडा वाटा आपल्याच शेतातून आला असण्याची शक्यता आहे. विषय मात्र भावनेचा कमी आणि रबराच्या नळीचा जास्त आहे. ऑक्टेनवर घोळत बसण्यापेक्षा इथं लक्ष दिलं तर गाडी जास्त वाचते.

इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास. म्हणून २० टक्के मिसळल्यावर पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो. केंद्र सरकारनं २०२५ मध्ये ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा, आरओएन ९५ असल्याचं सांगितलं. म्हणजे जुन्या हिशोबानं 'साधं' समजून जे भरतो, त्याची नॉकिंग सोसण्याची ताकद आधीच वाढलीय. महाग ऑक्टेनची गरज त्यामुळे आणखी कमी झाली.

पण लिटरमागं इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. मायलेज घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० वर जुळवलेल्या दुचाकींना ई-२० वर ३ ते ४ टक्के घट अपेक्षित धरली आहे. ५० ची गाडी ४८ वर आली तर ती बिघडलेली नाही. ४० वर आली तर मात्र इथेनॉलवर खापर फोडू नका, ब्रेक चिकटतायत का ते बघा.

गाडी कुठल्या गटातली ते आधी ठरवा. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत रबर-प्लॅस्टिकचे भाग ई-२० सोसणारे, एप्रिल २०२५ पासून इंजिनाची जुळवणीही ई-२० साठी. त्याआधीच्या गाडीत खालची कामं करून घ्या.

पेट्रोल पाइप बदला. टाकीखालच्या कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंतची जुनी नळी नखानं दाबून बघा. चिकट, फुगलेली किंवा वाकवल्यावर चिरा दाखवणारी असेल तर लगेच बदला. नवी घेताना इथेनॉलला चालणारी मागा. व्हायटॉन या रबराची मिळाली तर उत्तम. फ्लोटच्या सुईचं रबरी टोक, फ्लोट बाउलचं गॅस्केट आणि कॉकमधलं रबर हेही त्याच रांगेतले. सुईचं टोक फुगलं की पेट्रोल अडतं आणि गाडी मध्येच मरते. झिजलं की कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो.

फिल्टर दोनदा बदला. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा आणि गंज सुटा करतं. त्यामुळे सुरुवातीच्या चार-पाच टाक्यांत फिल्टर आणि जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बुजतात. पहिला फिल्टर घाण ओढायला, दुसरा कायमचा.

कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण लीन होतं, कारण इथेनॉलला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा, ई-१० ला साधारण १४.१, ई-२० ला १३.५. ई-१० वर नीट जुळलेल्या कार्ब्युरेटरला ई-२० वर ४ टक्के जास्त पेट्रोल हवं. जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून व्यास २ टक्केच वाढवायचा. ९५ नंबरचा मेन जेट असेल तर ९७.५ पुरे. तारेनं भोक मोठं करणारा कारागीर भेटला तर गाडी परत घ्या. त्या भोकाचा नंबर पुन्हा कुणालाच सांगता येत नाही.

आयडलचा स्क्रू आधी ओळखा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो एअर स्क्रू, आत फिरवला की मिश्रण रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिक्श्चर स्क्रू, बाहेर फिरवला की रिच. पाव-पाव आटा फिरवा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा. आयडल सगळ्यात वर आणि स्थिर जिथं मिळतं तिथं सोडा.

इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर रोजच्या वेगावर हे स्वतःच जुळवतो. पूर्ण थ्रॉटलवर तो हिशोबात नसतो, म्हणून पुणे-हैदराबाद हायवेवर तासभर पूर्ण थ्रॉटल धरणाऱ्यानं प्लगचा रंग अधूनमधून बघावा.

टाकीत इथेनॉल किती आहे हे घरीही मोजता येतं. १०० मिलीचं काचेचं मेजरिंग सिलिंडर घ्या. उघड्या हवेत, गॅस, विडी-काडी आणि स्विचपासून लांब बसा. ९० मिली पेट्रोल ओता, त्यात १० मिली पाणी. बूच लावून आठ-दहा वेळा उलटंसुलटं करा, मध्ये दोनदा बूच सैल करून वाफ सोडा. दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. पाण्याची रेघ १० वरून २८ च्या आसपास आली तर १८ मिली इथेनॉल, म्हणजे ९० मध्ये २० टक्के. रेघ ३५ वर गेली तर पंपाला विचारायला तुमच्याकडं कारण आहे. ते मिश्रण टाकीत परत ओतू नका, गटारात तर नाहीच. गॅरेजच्या वेस्ट ऑइलच्या डब्यात जाऊ द्या.

याच प्रयोगात इथेनॉलचा मोठा धोकाही समोर दिसतो. ई-२० आपल्या पोटात साधारण टक्काभर पाणी सामावून घेतं, १० लिटरच्या टाकीत १०० मिलीच्या आसपास. त्याच्या वर गेलं की पाणी इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. कॉक किंवा टाकीतला फ्युएल पंप तळातूनच ओढतो, आणि गाडी फटफट करून बंद. वर उरलेल्या पेट्रोलातलं इथेनॉल निघून गेल्यानं त्याचा ऑक्टेनही पडलेला असतो. एकदा थर झाले की कुठलीच बाटली ते परत जोडत नाही. टाकी रिकामी करावी लागते.

पाणी येतं कुठून? बहुतेक वेळा पेट्रोल पंपावरून नाही, वॉशिंग सेंटरमधून. टाकीच्या झाकणाखाली, तोंडाच्या बाजूला एक बारीक भोक असतं. झाकणाजवळ साचलेलं पाणी त्यातून नळीवाटे खाली जातं. ते धुळीनं बुजलं की प्रेशरचं पाणी थेट टाकीत उतरतं. वर्षातून दोनदा त्यात हवा मारून घ्या, आणि गाडी धुताना झाकणावर फडकं टाकायला सांगा.

बाटल्या: कुठली घ्यावी, कुठली नको

ॲडिटिव्हचे प्रकार वेगळे, कामंही वेगळी. दुकानात 'इंजिनसाठी चांगली' असं सांगून कुठलीही हातात देतात.

डिटर्जंट, म्हणजे इंजेक्टर क्लीनर, यात खरा दम आहे. पीईए हा घटक लिहिलेली बाटली शोधा. तो इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि थोडाफार ज्वलनकक्षातला कार्बनही उतरवतो. पीआयबीए असलेली इंजेक्टर आणि व्हॉल्व्हपर्यंतच. मात्रा बाटलीवर असते ती कारच्या टाकीची. १० लिटरला १०० मिली असं लिहिलं असेल आणि तुमच्या टाकीत ६ लिटर बसणार असेल तर ६० मिली. सुई नसलेल्या सिरिंजनं मोजा, आधी बाटली ओता आणि मग पेट्रोल भरा, म्हणजे नीट मिसळतं. ती टाकी हायवेवर संपवा, गल्लीत नको. पाच-सहा हजार किलोमीटरला एकदा पुरे. निघालेल्या घाणीचा थोडा भाग ऑइलमध्ये उतरतो, म्हणून ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत घातलं तर अंगावरचं एक काम कमी. दुप्पट मात्रा टाकून दुप्पट सफाई होत नाही, उलट तो चिकटा व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसू शकतो.

ऑक्टेन बूस्टरच्या जाहिरातीत 'तीन पॉइंट वाढ' असतं. बऱ्याच बाटल्यांच्या हिशोबात १० पॉइंट म्हणजे १ ऑक्टेन. तीन पॉइंट म्हणजे ९१ चं ९१.३. त्यात मँगनीजचा एमएमटी असेल तर प्लगच्या नाकावर तांबूस थर बसतो, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरही जमतो. फेरोसीन असेल तर लोखंडाचा थर. बीएस-६ गाडीत हे पैसे देऊन विकतचं दुखणं. वरचं ऑक्टेन हवंच असेल तर पंपावर मिळतं, ते घ्या.

स्टॅबिलायझर उपयोगाचा, पण गाडी महिन्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तरच. पाणी काढणाऱ्या बाटल्यांत आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. ई-२० मध्ये अल्कोहोल आधीच २० टक्के आहे, आणखी चमचाभर घालून काय होणार?

आता गावठी उपाय. कापराच्या वड्या आणि डांबराच्या गोळ्या पेट्रोलात विरघळतात हे खरं. पण कार्ब्युरेटरच्या बाउलमधलं पेट्रोल उन्हात उडून गेलं की त्यांचा पांढरा खडा पायलट जेटमध्ये उरतो. सकाळी गाडी चोकशिवाय सुरू होत नाही, मग माणूस मायलेजचं विसरून किक मारत बसतो. फोर-स्ट्रोकच्या टाकीत टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल 'वंगण म्हणून' टाकणारेही आहेत. त्यानं ऑक्टेन खाली येतो, प्लगवर तेलाचा थर बसतो, कन्व्हर्टर खराब होतो. टू-स्ट्रोक आरएक्स १०० ला जे पाहिजे ते फोर-स्ट्रोक शाइनला नको. रॉकेलचा ऑक्टेन तर पेट्रोलच्या कितीतरी खाली, त्याची भेसळ असली की चांगलं इंजिनही ज्वारी ओतायला लागतं.

पंपावर

शून्य बघा, हे सगळ्यांना माहीत आहे. भेसळीचा संशय असेल तर फिल्टर पेपर मागा, तो द्यायला पंप बांधील आहे. नळीचं टोक पुसून एक थेंब कागदावर पाडा. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं. तेलकट डाग राहिला तर तक्रार वहीत लिहा. घनताही बघायचा हक्क आहे. १५ अंशांवर मोजलेली ती ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटरच्या आत आणि त्या दिवशीच्या नोंदीला धरून हवी. पाच लिटरचं माप लावूनही दाखवतात, मागितलं तर.

टाकी तोंडापर्यंत भरू नका. पाकणीच्या डेपोतून आलेलं पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत गार असतं. तुमच्या काळ्या टाकीत दुपारी ते २० अंशांनी तापलं तर १२ लिटरचं सव्वाबारा लिटर होतं. जुन्या गाडीत ते झाकणातून बाहेर येतं. बीएस-६ गाडीत वाफ धरणारा कॅनिस्टर असतो, त्यात पातळ पेट्रोल शिरतं, आतला कोळसा भिजतो, आणि मग गरम इंजिन सुरू होताना कुरकुरतं, पेट्रोलचा वास सुटतो. तोंडाच्या आतल्या पट्टीपर्यंत, त्याच्या वर नाही.

इंजेक्शनच्या गाडीत रोज रिझर्व्हवर चालवू नका. फ्युएल पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनंच गार राहतो.

गाडी उभी राहणार असेल तर

मुलगा पुण्याला गेला आणि गाडी जुळे सोलापूरच्या पार्किंगमध्ये तीन महिने उभी, हे नेहमीचं. लोखंडी टाकी असेल तर ती पट्टीपर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी राहते, ओल कमी धरते, गंज कमी लागतो. स्टॅबिलायझर टाकून दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो. मग कॉक बंद करून बाउलचा ड्रेन स्क्रू सोडा आणि पेट्रोल डब्यात घ्या. इंजेक्शनच्या गाडीत ही पायरी नाही. परत आल्यावर पेट्रोलला जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास येत असेल तर ते काढून टाका. नव्या पेट्रोलात मिसळून 'जिरवायचा' प्रयत्न केला तर इंजेक्टरचंच काम निघतं.

चुकून डिझेल भरलं तर

मोठ्या पंपावर गर्दीत होतं कधी कधी. किल्ली फिरवूसुद्धा नका, इंजेक्शनच्या गाडीत नुसतं ऑन केलं तरी पंप डिझेल पुढं ढकलतो. गाडी बाजूला ढकलून न्या. टाकी पूर्ण रिकामी करा, एक लिटर पेट्रोल ओतून गाडी हलवा आणि तेही काढा. इंजिन सुरू झालेलं असेल तर बाउल किंवा फ्युएल लाइन मोकळी करा, फिल्टर आणि प्लग बदला, आणि ऑइलच्या डिपस्टिकचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर ऑइलही बदला. मग साधं पेट्रोल टाकून सुरू करा. पहिली दहा-पंधरा मिनिटं धूर निघेल, नंतर थांबतो. काढलेलं डिझेल-पेट्रोल गॅरेजवाल्याकडं द्या, घरी ठेवू नका.